गुन्ह्याच्या दिवशी वय अठराच्या आत होतं? जन्मठेप लागल्यानंतरही वयाचा अर्ज कसा करायचा

घरातलं कुणी जन्मठेप भोगत असेल आणि गुन्हा घडला त्या दिवशी त्याचं वय अठराच्या आत होतं असं तुम्हाला खात्रीने वाटत असेल, तर हे वाचा. शिक्षा लागून किती वर्षं झाली, हायकोर्टाने अपील कधी फेटाळलं, सुप्रीम कोर्टातूनही रिकाम्या हाताने परत आलात का, याने फरक पडत नाही. वयाचा मुद्दा तरीही मांडता येतो.

आमच्या घरात ही वेळ एका मावसभावामुळे आली. पुढे विधी स्वयंसेवक म्हणून दुसऱ्या कुटुंबांबरोबर तुरुंगाच्या, शाळांच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढलो. नावं, गावं कुठेच लिहीत नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ची बंदी आहे, आणि तुम्हीही ती पाळा. (पुढे नुसतं कलम ९, २१, २४ किंवा ९४ लिहिलंय ती याच कायद्याची.)

मुळात हा प्रश्न का उद्भवतो ते आधी समजून घ्या. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मठेप. नव्या न्याय संहितेतल्या कलम १०३ खालीही तेच आहे. न्यायाधीशाला कितीही वाटलं तरी जन्मठेपेच्या खाली उतरता येत नाही. म्हणजे पोलिसांनी पोराचं वय 'अंदाजे १९' लिहिलं आणि कुणी हरकत घेतली नाही, की खुनाच्या केसमध्ये दोषी ठरल्यावर त्याला निदान जन्मठेप ठरलेलीच. बालन्याय कायद्याने त्याच मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवता आलं असतं (२०१६ पासूनच्या गुन्ह्यांत याला एक अपवाद आहे, तो पुढे येतो).

ही गोष्ट फक्त पुस्तकात नाही. पुण्यात १९९४ च्या ऑगस्टमध्ये झालेलं राठी हत्याकांड जुन्या पुणेकरांना आठवत असेल. सात जणांचे जीव गेले, त्यात लहान मुलं होती, एक गरोदर बाई होती. त्यातल्या एका आरोपीला १९९८ मध्ये पुण्याच्या कोर्टाने फाशी सुनावली. हायकोर्टाने ती कायम केली, २००० मध्ये सुप्रीम कोर्टानेही. पुढे त्याच्या राजस्थानातल्या शाळेचं रजिस्टर समोर आलं. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय साडेबारा वर्षं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं, आणि २७ मार्च २०२३ ला त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत होता.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून 'तिकडेही असं झालं' असं ऐकलं असेल, तर ते खरं आहे, पण आपलं वेगळं आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये मिलर खटल्यात अल्पवयीनांना सक्तीने दिली जाणारी, पॅरोल नसलेली जन्मठेप घटनाबाह्य ठरवली आणि २०१६ मध्ये माँटगोमेरी खटल्यात तो निर्णय जुन्या कैद्यांनाही लागू केला. पण त्यातून कैद्याला मिळते ती शिक्षेची फेरसुनावणी किंवा पॅरोलची संधी. १९६३ साली सतराव्या वर्षी गुन्हा केलेला तो माँटगोमेरी प्रत्यक्षात २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आला. आपल्याकडे वय सिद्ध झालं तर शिक्षाच निष्प्रभ होते. या बाबतीत आपला कायदा जास्त उदार आहे, फक्त तो वापरायला कुणी पुढे येत नाही.

१. आधी दोन तारखा एका कागदावर लिहा

गुन्ह्याची तारीख आणि जन्मतारीख. अटकेची तारीख, आरोपपत्राची तारीख, निकालाची तारीख यांचा इथे संबंध नाही. पूर्वी यावर घोळ होता, पण २००५ मध्ये प्रतापसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो मिटवला. गुन्हा घडला तो दिवस धरायचा.

मग गुन्ह्याची तारीख कुठल्या टप्प्यात बसते ते बघा:

- १ एप्रिल २००१ च्या आधी: तेव्हाच्या १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी वयोमर्यादा सोळा होती. म्हणून सोळा ते अठरामधली कित्येक मुलं मोठ्यांच्या कोर्टात गेली. पण २००० च्या कायद्याने मर्यादा अठरा केली, २००६ च्या दुरुस्तीने त्यात वयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर करू देणारं कलम ७अ आणलं, आणि २००९ मध्ये हरिराम खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधीच्या गुन्ह्यांनाही अठराचीच मर्यादा लावायची. सतरा वर्षांचा होता म्हणून सोडून देऊ नका.
- १ एप्रिल २००१ ते १४ जानेवारी २०१६: अठराच्या आत असेल तर गुन्हा कुठलाही असो, जास्तीत जास्त तीन वर्षं.
- १५ जानेवारी २०१६ पासून, म्हणजे २०१५ चा कायदा लागू झाल्यापासून: सोळाच्या आत असेल तर तेच. सोळा ते अठरा आणि गुन्हा अतिगंभीर (खुनासारखा) असेल, तर बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं आणि मुलाला प्रौढ म्हणून चालवायचं का ते ठरवतं. तसं ठरलं तरी कलम २१ प्रमाणे फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही.

तिसऱ्या टप्प्यातल्या कुटुंबांना एक स्पष्ट सांगतो. 'अर्ज केला की पोरगं घरी' असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवा. सोळा-सतराच्या मुलाचं प्रकरण मंडळाकडे जाईल, आणि तिथे काय होईल ते आज कुणी सांगू शकत नाही.

२. शाळेचं रजिस्टर गाठा, वकील नंतर

लोक आधी वकिलाकडे धावतात. वकीलही पहिला प्रश्न विचारतो तो हाच, 'कागद काय आहे?' कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम दिलेला आहे: शाळेने दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. वरचा कागद हातात असताना खालच्यावर उडी मारता येत नाही.

आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड या यादीत कुठेच नाहीत. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. तरी लोक लॅमिनेशन केलेलं आधार घेऊन येतात.

आपल्याकडे सगळ्यांत सहज मिळतो तो शाळा सोडल्याचा दाखला. इथे सावध राहा. २०२३ च्या जुलैमध्ये पोक्सोच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की शाळेचा ट्रान्सफर दाखला किंवा प्रवेश नोंदवहीचा नुसता उतारा म्हणजे कलम ९४ मधलं 'शाळेचं जन्मतारीख प्रमाणपत्र' नव्हे. म्हणून फक्त एल.सी.वर थांबू नका. मुख्याध्यापकांकडून तीन कागद मागा: त्यांच्या सहीशिक्क्याचं, जावक क्रमांक असलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र, प्रवेश निर्गम उतारा, आणि जनरल रजिस्टरच्या त्या पानाची प्रमाणित झेरॉक्स. कोर्टात मूळ रजिस्टर घेऊन हजर राहावं लागेल, हे त्यांना तेव्हाच सांगून ठेवा. ऐन वेळी समन्स गेलं की शाळेतली माणसं बिचकतात.

शक्यतो मूल पहिल्यांदा ज्या शाळेत गेलं ती शाळा धरा. २००७ च्या नियमांमध्ये 'पहिली शाळा' असेच शब्द होते, आणि सरकारी वकील अजूनही तो प्रश्न विचारतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हा मोठा गुंता असतो. नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत, बसायला साखरशाळेत, पुढे मामाच्या गावी पाचवीत. तिन्ही ठिकाणच्या तारखा काढा, आणि वेगवेगळ्या निघाल्या तर तसंच वकिलाला सांगा. सोयीची तेवढी दाखवून बाकीच्या लपवल्या, तर सरकारी वकील त्या शोधून काढतो.

रजिस्टर प्रत्यक्ष डोळ्यांनी बघा. लाकडी कपाटातून, गठ्ठ्यांखालून निघालेलं ते लांबट रजिस्टर आमच्यासमोर उघडलं, तेव्हा आम्ही फक्त तारीख शोधत होतो. पण कोर्ट पूर्ण ओळ वाचतं: नोंदणी क्रमांक, नाव, बापाचं नाव, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाची तारीख, कोणत्या इयत्तेत, शेवटी शेरा. अंकी आणि अक्षरी तारीख जुळते का? खाडाखोड असेल तर त्यावर मुख्याध्यापकांची सही आहे का? आधीच्या आणि नंतरच्या नोंदींचे क्रमांक सलग आहेत का? शाई आणि अक्षर आजूबाजूच्या नोंदींसारखंच आहे का? हे सगळं निकालपत्रात येतं.

मग आपला तो १ जून. गुरुजींनी दाखल करताना पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघितलं आणि जून महिन्याची पहिली तारीख टाकली, अशा तारखांवर आपल्याकडची पिढीच्या पिढी रिटायर झाली. सरकारी वकील म्हणणार, ही तारीख अंदाजाने लिहिलीय. म्हणू द्या. गुन्हा घडण्याच्या कितीतरी वर्षं आधी, कुणाचाही फायदा डोक्यात नसताना झालेली नोंद, हेच तिचं बळ आहे. कागद बनावट किंवा फेरफार केलेला दिसत नसेल तर कोर्टाने त्याच्या मुळाशी खणत बसू नये, असं २०१२ मध्ये अश्वनीकुमार सक्सेना खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. पण १ जूनमुळे वय अठराच्या अगदी दोन-चार महिने अलीकडे येत असेल, तर जोडीला दुसरा पुरावा ठेवाच.

भावंडांच्या जन्मतारखा त्याच रजिस्टरात काढायला विसरू नका. पाठच्या बहिणीची तारीख पाच महिन्यांनंतरची निघाली, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येणार.

नावातला फरक मात्र घाबरण्यासारखा नाही. घरी बाळ्या, शाळेत बाळासाहेब, पोलिसांकडे तिसरंच. पुण्याच्या त्या प्रकरणातही शाळेतलं नाव आणि खटल्यातलं नाव वेगळं होतं. चौकशीत दोघं एकच असल्याचं सिद्ध झालं. सरपंचाचा दाखला, पोलीस पाटलाचा जबाब, बापाचं आणि गावाचं नाव जुळणं, वर्गमित्राची साक्ष, यातून ते जोडता येतं. राजपत्रात नाव बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्याने उलटा संशय येतो.

शाळा टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका. कैद्याचं सहीचं अधिकारपत्र सोबत जोडा, म्हणजे 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' हे कारण देता येणार नाही. शाळा बंद पडली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जुनं दप्तर कुठे गेलं ते विचारा.

३. शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर

ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीपासून सुरुवात करा. जुनी नोंद तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची (गाव नमुना चौदा) नक्कल मागा. जातपडताळणीसाठी ज्यांनी फेऱ्या मारल्यात त्यांना ही खिडकी ठाऊक आहे. तुमच्या गावात असा कुणी असेलच, त्याला सोबत न्या. कोतवाल बुकात पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं. मग तो कितवा मुलगा हे आईच्या शपथपत्राने आणि भावंडांच्या नोंदींनी जोडावं लागतं.

आता उशिरा नोंद करून नवा जन्मदाखला काढायचा सल्ला कुणी देईल. गुन्ह्यानंतर, त्यातही शिक्षा लागल्यानंतर काढलेल्या दाखल्याला कोर्टात फारशी किंमत नसते, आणि तो असलेल्या चांगल्या पुराव्यालाही डाग लावतो.

उरली हाडांची तपासणी. तिच्यावर भरवसा ठेवून बसू नका. विशीच्या आसपास ती दोन वर्षं इकडेतिकडे सांगते, आणि सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मुकर्रब खटल्यात म्हटलंय की तिशी उलटलेल्या माणसाचं वय त्यावरून निर्णायकपणे ठरवता येत नाही. चाळिशीतल्या कैद्याची हाडं तो पंचवीस वर्षांपूर्वी सतराचा होता की एकोणीसचा, हे सांगणार नाहीत. अर्थात दुसरा काहीच कागद नसेल तर तपासणी मागावीच लागते. कलम ९४ प्रमाणे ती आदेशापासून पंधरा दिवसांत व्हायला हवी.

एक कटू गोष्टही लिहितो. पैसे घेऊन 'जुन्या तारखेचा' दाखला करून देणारे असतात. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये एका प्रकरणात दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीखसुद्धा नाकारली, कारण आधीच्या शाळेत, लायसन्सवर आणि आधारवर तीन वर्षांनी मोठं वय होतं. खोट्या कागदाने कैद्याची खरी संधी जाते आणि तुमच्यावर नवा गुन्हा दाखल होतो. शिवाय समोर कुणाचा तरी जीव गेलेला असतो. त्या घराला निदान खऱ्या वयावर निकाल मिळावा.

४. कोर्टाचे आणि तुरुंगाचे कागद

जवळ ठेवायचे कागद असे:

- एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रत
- अटक पंचनामा, अटकेनंतरचा वैद्यकीय तपासणीचा कागद
- आरोपीचा कोर्टातला जबाब, ज्यावर वय लिहिलेलं असतं
- सत्र न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत. हायकोर्ट, सुप्रीम कोर्टाचे आदेश असतील तर तेही
- तुरुंगातून नॉमिनल रोल किंवा किती शिक्षा भोगली त्याचा दाखला
- शाळेचे तीन कागद, किंवा जन्मनोंद
- आई, वडील किंवा थोरल्या नातेवाइकाचं शपथपत्र
- सहीचं वकीलपत्र, तुरुंग अधीक्षकांमार्फत साक्षांकित

जुन्या खटल्याची प्रत जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते. केस नंबर आणि निकालाची तारीख लागते. ती माहीत नसेल तर तुरुंगातल्या कैद्याच्या वॉरंटवर दोन्ही असतात.

प्रत हातात आली की एक गोष्ट पेन्सिलीने करा. जिथे जिथे वय लिहिलंय तिथे खूण करा. 'वय अंदाजे २०, धंदा मजुरी' असं पोलिसांनी लिहिलेलं सापडेल. तोच आकडा पंचनाम्यातून आरोपपत्रात, तिथून जबाबात उतरलेला दिसेल, आणि कित्येकदा खटला चार वर्षं चालला तरी जबाबात वय तेच राहिलेलं असतं. पडताळणी कुणीच केली नाही, हे दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. आमच्या केसमध्ये वकिलांनी अर्जात या नोंदींचा एक तक्ताच घातला.

शपथपत्र लागतंच, पण एकट्या शपथपत्रावर चौकशी सुरू होत नाही. २०१२ च्या अबूझर हुसेन निकालात तीन न्यायाधीशांनी हे सांगितलंय. त्याच निकालात असंही आहे की उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, आणि खटल्यात पूर्वी मुद्दा काढला नव्हता म्हणूनही नाही. दावा प्रथमदर्शनी खरा वाटेल एवढा कागद मात्र हवा.

५. वकील

कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, आता बहुतेक ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालयही (आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या वकिलांचं) आहे. फोनवर विचारायचं तर १५१००. कैदी स्वतः तुरुंगातल्या विधी मदत कक्षातून अर्ज देऊ शकतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्पही राज्यातल्या काही तुरुंगांत काम करतो.

२०२४ च्या सुरुवातीला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने तुरुंगांतले अल्पवयीन शोधण्याची देशभर मोहीम काढली होती. त्यात तुमच्या माणसाचा अर्ज भरला गेला होता का, ते विचारून घ्या. फाईल कुठेतरी अर्धवट पडलेली असू शकते.

खासगी वकील करणार असाल तर एकच प्रश्न विचारा, वयाचा असा अर्ज पूर्वी चालवलाय का? फौजदारीत नाव मोठं असलेल्या वकिलांनाही कलम ९ ची सवय नसते.

६. अर्ज कुठे

कलम ९, पोटकलम २: दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अंतिम निकाली निघाल्यानंतरही करता येतो. व्यवहारात असं होतं. अपील हायकोर्टात चालू असेल तर त्याच अपिलात अर्ज. हायकोर्ट बहुतेक वेळा चौकशी सत्र न्यायालयाकडे पाठवतं आणि अहवाल मागवतं. हायकोर्टात विषय संपला असेल तर शिक्षा देणाऱ्या सत्र न्यायालयात किंवा पुन्हा हायकोर्टात. सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलेल्यांनी सुप्रीम कोर्टाच्या विधी सेवा समितीचा सल्ला घ्यावा. २०२२ मध्ये विनोद कटारा या उत्तर प्रदेशातल्या कैद्याची अशी रिट याचिका सुप्रीम कोर्टाने दाखल करून घेतली होती.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांसाठी: ऑगस्ट २०२५ पासून तुमचं हायकोर्टाचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. मुंबईची तिकिटं काढण्याआधी वकिलाला विचारा.

'वयाचा मुद्दा एकदा काढला होता, फेटाळला' असं असेल तरी थांबू नका. ८ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने देहरादूनच्या १९९४ च्या एका प्रकरणात निकाल दिला. आरोपी तेव्हा चौदा वर्षांचा होता. फाशी झाली, राष्ट्रपतींनी २०१२ मध्ये ती बदलून साठ वर्षांचा होईपर्यंत कैद केली, मधल्या काळात त्याने वयाचा मुद्दा कोर्टांपुढे वारंवार मांडला होता. कायद्यात सांगितलेली चौकशी झालेलीच नसेल तर जुना नकार अंतिम ठरत नाही, असं म्हणून कोर्टाने त्याला सोडलं. अर्जाला हा निकाल आणि पुण्याच्या प्रकरणाचा निकाल, दोन्ही जोडा.

चौकशी होईपर्यंत अंतरिम जामिनाची किंवा शिक्षा स्थगितीची विनंती त्याच अर्जात घाला. मिळेलच असं नाही, पण मागितलं नाही तर विचारही होणार नाही.

७. चौकशीच्या तारखा

सत्र न्यायाधीश शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा लिपिकाला मूळ रजिस्टरसह बोलावतात. नोंद करणारे गुरुजी हयात असोत नसोत, सध्याचा मुख्याध्यापक रजिस्टर सिद्ध करू शकतो. मग आई किंवा वडिलांची साक्ष. त्यांना पाठ करून पाठवू नका. 'पोरगा कधी झाला?' याला म्हाताऱ्या आईने 'दुष्काळ पडला त्याच्या दुसऱ्या साली, पोळ्याच्या आधी' असं उत्तर दिलं तर ते घोकलेल्या तारखेपेक्षा जास्त पटतं. फक्त ते कागदाशी जुळतंय ना, हे वकिलाने आधी तपासलेलं असावं.

सुरुवातीचा भार तुमच्यावर असतो. कलम ९४ मधला कागद तुम्ही ठेवलात की तो खोटा ठरवण्याचं काम सरकार पक्षाचं. न्यायाधीश 'गुन्हा किती भयंकर होता' याकडे वळले, तर वकिलाने नम्रपणे सांगायचं की चौकशी वयाची आहे.

वेळ लागतो. २००७ च्या नियमांत तीस दिवसांची मुदत होती, पण पुण्याच्या प्रकरणात आदेशापासून सुटकेपर्यंत चार वर्षं गेली. तारखांना घरातलं कुणीतरी हजर असावं. मुख्याध्यापक आले नाहीत, सरकारी वकील बदलले, अहवाल टायपिंगला आहे, अशी कारणं कुणी समोर असलं की कमी मिळतात.

८. निकालानंतर

गुन्ह्याच्या दिवशी तो बालक होता असं ठरलं, तर कलम ९ पोटकलम ३ प्रमाणे दिलेली शिक्षा निष्प्रभ होते आणि योग्य आदेशासाठी प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तीन वर्षांहून जास्त काळ आत काढला असेल आणि गुन्हा २०१६ च्या आधीचा असेल, तर वरची कोर्टं बहुतेकदा थेट सुटकाच सांगतात. तो 'निर्दोष' ठरला असं मात्र गावात सांगत फिरू नका. दोषसिद्धी बऱ्याचदा तशीच राहते, जाते ती शिक्षा. त्याचबरोबर कलम २४ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे नोकरी-निवडणुकीसारख्या गोष्टींत येणारी अपात्रता लागत नाही, आणि मंडळ पोलिसांना अभिलेख नष्ट करायला सांगू शकतं. तो आदेश मंडळाकडून लेखी मागून घ्या. नाहीतर पुढे चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद पुन्हा वर येते. सोळा वर्षांवरचा मुलगा प्रौढ म्हणून चालवला गेला असेल तर ही सवलत नाही.

सुटकेच्या आधी तुरुंगाच्या न्यायविभागात विचारा, दुसऱ्या कुठल्या केसचं वॉरंट त्याच्या नावावर आहे का. आतल्या भांडणाची किंवा पॅरोलवरून उशिरा परतल्याची एखादी किरकोळ केस असते, कुटुंबाला तिचा पत्ता नसतो, आणि फाटकापाशी उभं राहिल्यावर कळतं. असेल तर तिचा जामीन आधीच करून ठेवा.

बाहेर आलेल्या माणसाकडे काहीच कागद नसतात. पंधराव्या वर्षी आत गेलेल्याचं बँकखातं नसतं, रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं असतं. देहरादूनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने राज्याच्या विधी सेवा प्राधिकरणालाच सांगितलं की त्याच्या पुनर्वसनासाठी सरकारी योजना शोधून द्या. त्या निकालाची प्रत घेऊन तुमच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा. सुरुवात आधारपासून करा, आणि त्यावर जन्मतारीख कोर्टाने ठरवलेलीच टाकून घ्या. नोंदणी केंद्रावरचा पोरगा अंदाजाने टाकायला निघेल, तेव्हा आदेशाची प्रत पुढे करा.